आप्पांचं पुटपुटणं आणि शांतपट

मी आवाजाचे प्रयोग करते असं सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे गाता का? नाही म्हटलं की विचारतात, मग वाजवता का? त्यालाही नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या आईवडिलांबद्दलची कणव दिसायला लागते. तेव्हा आधीच सांगून टाकते. मी शलाका सातपुते, राहणार इचलकरंजी. माझ्या पाठीशी कुठली संस्था नाही की कंपनी नाही. जिथं आवाज असतो पण कुणी ऐकत नसतं, तिथं मी लोकांना नेऊन बसवते. एवढाच माझा उद्योग.

गेल्या उन्हाळ्यात मी एका धरणाच्या पोटातल्या बोगद्यात प्रयोग केला होता. भिंतीला मायक्रोफोन चिकटवले, श्रोत्यांच्या कानाला हेडफोन दिले आणि काँक्रीटच्या आत पाणी कसं झिरपतं ते ऐकवलं. मोजकेच लोक आले आणि त्यातले निम्मे पाटबंधारे खात्याचे होते. प्रयोग संपल्यावर एका साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, गळती नेमकी किती आहे असं तुमचं म्हणणं आहे?" त्यानंतरचा प्रयोग पिठाच्या गिरणीत झाला. श्रोत्यांनी आपापलं धान्य घेऊन यायचं, ते दळलं जाताना ऐकायचं. ज्वारीचा आवाज वेगळा, हरभऱ्याचा वेगळा, नाचणीचा तर अगदी लाजरा. हा प्रयोग फार गाजला. पुढचा कधी, म्हणून अजून बायका विचारतात, कारण पीठ बारीक आलं होतं.

ही गोष्ट त्याच्या पुढच्या प्रयोगाची आहे. त्याच्यापायी माझ्या आईचा आणि आप्पांचा संसार मोडायला आला होता.

आमच्या घराला लागून यंत्रमागांची शेड आहे. आप्पा माग चालवतात आणि आई कोपऱ्यातल्या यंत्रावर बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या कांड्या भरते. शेजारी दुसरी शेड, पलीकडं तिसरी. मागांची खडखड एवढी, की तोंडाला कान लावला तरी शब्द ऐकू यायचा नाही. त्यामुळं आमच्याकडं माणसं ओठ वाचतात आणि हातानं बोलतात. हवेत बोट तोडल्यासारखं केलं की धागा तुटला. मूठ कानाशी नेली की फोन आलाय. पालथा हात खाली दाबून मग पाचही बोटं तोंडाशी नेली, की माग बंद करा आणि जेवायला चला. ही शेवटची खूण आई रोज करायची.

या खडखडीचा अजून एक फायदा होता. लोकांकडं पाठ करून मागापाशी उभा असलेला माणूस पोटातलं सगळं मोठ्यांदा बोलून मोकळा व्हायचा. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर कुणी देवाशी भांडायचं, कुणी सूत-व्यापाऱ्याला शिव्या घालायचं. शेजारच्या शेडमधले रफिकभाई जन्मभर मागापाशी लावण्या म्हणत आले होते आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. आप्पा पुटपुटायचे. सगळे त्याला पुटपुटणं म्हणायचे खरे, पण ते चांगलं भाषण असायचं. शेडच्या बाहेर मात्र आप्पा म्हणजे मितभाषी माणूस.

आणि मग आमच्याकडं शांतपट आला.

तो आणला जुई पाध्येनं. जुई माझी कॉलेजातली मैत्रीण. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती आवाजावरच काम करते, पण तिला पगार मिळतो. शांतपट म्हणजे एक जाडसर कापड. त्यातला प्रत्येक धागा दाबला गेला की वीज तयार करतो, आणि वीज दिली की थरथरतो. म्हणजे तोच धागा कान आणि तोच तोंड. आवाज म्हणजे हवेचा दाब वरखाली होणं. पट तो दाब ओळखतो आणि बरोब्बर उलटा दाब सोडतो. हवा वर जाणार तिथं पट तिला खाली ओढतो, खाली जाणार तिथं वर ढकलतो. दोन्ही मिळून हवा जागच्या जागी राहते, आणि मागापाशी उभं राहूनही कानाला काही लागत नाही.

"पण उलटा आवाज वेळेवर काढायचा तर पुढं काय येणार हे आधी ठाऊक पाहिजे," जुई म्हणाली. "म्हणून पट ऐकून ऐकून पाठ करतो. जे तसंच्या तसं पुन्हा पुन्हा येतं, ते पुसतो. माग शिस्तीत वाजतो, तो गेला. माणूस वाटेल तसा बोलतो, तो राहिला."

"आणि माग एकदम बंद केला तर?"

"तो एक दोष आहे गं," ती जरा ओशाळून म्हणाली. "पटाला लगेच कळत नाही. तो थोडा वेळ उलटा आवाज काढतच राहतो. आणि उलटा आवाज एकटा ऐकला तर आपल्या कानाला सुलट्यासारखाच लागतो. त्यामुळं बंद पडलेला माग चालू असल्यासारखा ऐकू येतो."

पटाचा हा दोष ऐकून मला मात्र आनंदानं घाम फुटला. सगळे माग निःशब्द चालवायचे, मग सगळे एकदम बंद करायचे, आणि लोकांना स्थिर उभ्या मागांचा आवाज ऐकवायचा! मी जागच्या जागी प्रयोगाचं नावसुद्धा ठरवलं. 'नसलेले माग.' पुण्याच्या एका ध्वनिमहोत्सवाचे सोहोनी म्हणून गृहस्थ निवडीसाठी येणार होते. त्यांना पत्ता कळवला. आप्पांना पटवून आमच्या शेडमध्ये पट लावून घेतला, मागांच्या भोवती आणि वर छतालाही.

पटाच्या उद्घाटनाला सगळी गल्ली लोटली होती. आईनं सगळ्यांसाठी भडंग केलं होतं आणि सोबत तिची कांदा-लसूण चटणी. ही चटणी म्हणजे आईचा मान. उन्हाळ्यात ती डंकावर कुटून आणते आणि अर्ध्या गल्लीत वाटते. लोकांच्या हातात द्रोण, समोर माग सुरू झाले, सूत घेऊन धोटे इकडून तिकडं धावायला लागले, आणि जुईनं पट चालू केला. खडखड विरत विरत नाहीशी झाली.

त्या शांततेत आप्पांचा आवाज आला. ते मागापाशी उभे होते, पाठ आमच्याकडं. हात मागावर आणि तोंड सवयीनं चालू.

"बसली चटणी वाटत. नुसतं मीठ. आयुष्यभर वरनं पाणी पिऊन पिऊन पोट भरतंय माझं. गल्लीला वाटतंय, अन्नपूर्णा हाय. मला विचारा म्हणावं."

गल्ली हसली. एवढं मोठं हसू आमच्या शेडमध्ये पहिल्यांदाच ऐकू आलं असेल. आप्पांनी मागं वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा धुतलेल्या सुतासारखा पांढरा पडला. आई हातातलं पातेलं खाली ठेवून घरात गेली, पिशवी भरली, आणि संध्याकाळच्या एसटीनं हुपरीला मामाकडं निघून गेली.

पुढच्या काही दिवसांत शांतपट गल्लीतल्या इतर शेडमध्येही लागला आणि तिथंही गमती झाल्या. एका जणानं व्यापाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या, तेव्हा व्यापारी मागंच उभा होता. रफिकभाईंना लावण्यांच्या फर्माइशी यायला लागल्या. भाजीवाल्या शांताक्कांची तर पंचाईतच झाली. रोज त्याच वेळी, त्याच सुरात "मेथी घ्या, चाकवत घ्या" म्हणत त्या शेडवरून जायच्या. पटानं ती आरोळी पाठ केली आणि एक दिवस ती उमटेचना. तेव्हापासून शांताक्का रोज नवी आरोळी रचतात. चाकवताला एवढी विशेषणं असतात हे गल्लीला पहिल्यांदाच कळलं.

आमचं घर तेवढं सुतकात होतं. आप्पा माझ्या हातचं जेवायचे आणि कधी नव्हे ते "छान झालंय" म्हणायचे. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला समजलं. मी हुपरीला गेले.

मामांचं चांदीकाम आहे. आई त्यांच्या ओसरीवर पैंजणांना घुंगरू ओवत बसली होती. चहा झाल्यावर मी म्हटलं, "आई, किती दिवस रागावणारैस? त्यांना काय माहीत, ऐकू जाईल म्हणून."

"मला ऐकू येतंय हे त्यांना कधीच माहीत न्हवतं," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, माझ्या कोपऱ्यातनं ओठ दिसत्यात की. लग्न होऊन आले त्या वर्षापासनं दिसत्यात. चटणीत मीठ हाय, माझा भाऊ चिकट हाय, माझी भाकरी जाड हाय, सगळं वाचलंय मी. पोरगीनं आवाजाचं खूळ डोक्यात घेतलंय, हेबी."

"असं म्हणाले ते?"

"लई वेळा. आणि त्याच्या पुढं, पोरगी गुणाची हाय, असंबी. ते तू वाचायला न्हवतीस तिथं."

मला खूप बरं वाटलं, हे सांगायलाच हवं.

"मग सगळं माहीत होतं तर आत्ताच का आलीस निघून?"

आईनं घुंगरू खाली ठेवलं. "तवा ते आमच्या दोघांतलं होतं. ते बोलायचे, मी वाचायची, आणि वाचलं न्हाई असं दाखवायची. त्याच्यातबी एक मजा होती. आता ते गल्लीतलं झालं. परवा गल्लीतल्या कुंभोजकरांची सून मला फोन करून विचारतीया, काकू, मीठ किती चमचे घालता? गल्लीसमोर बोलले न्हवं? मग गल्लीसमोरच कबूल करू देत. तोवर मी हितंच."

परत येताना मी डोक्याला हात लावून बसले. गल्लीसमोर म्हणजे कुठं? गल्ली पुन्हा एकत्र येणार होती ती माझ्या प्रयोगालाच. आणि माझ्या प्रयोगांत माणसाचा आवाज नसतो, हा माझा नियम. धरण, धान्य, यंत्रं बोलतात आणि माणसानं गप्प बसायचं. त्यावर मी एक निबंधही लिहिलाय. सोहोनींना तो फार आवडला होता. आता त्यांच्यासमोर, ऐन प्रयोगाच्या मधोमध, आप्पा चटणीबद्दल बोलणार?

दोन दिवस मी निबंध आणि आई यांच्यात हेलकावे खात होते. मग संध्याकाळी आप्पांना ताटात माझी पातळ आमटी मुकाट्यानं ढवळताना बघितलं आणि निबंध गेला उडत, असं ठरवलं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते जमिनीकडं बघत म्हणाले, "लोकांपुढं मला बोलता येत न्हाई, शलाका. मागापाशी असलो तरच तोंड उघडतंय."

"मग मागापाशीच उभे राहून बोला. माग चालू, पट चालू. सगळं नीट ऐकू जाईल."

"पाठ करावं लागंल."

"करा की."

त्यांनी खरंच पाठ केलं. रोज सकाळी माग सुरू झाले की ते शेडमध्ये जायचे. मी तेव्हा गावभर आमंत्रणं करत फिरत होते, खुर्च्या जमवत होते. ते नेमकं कुठं उभं राहून पाठ करताहेत, याचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. शांताक्कांचं चाकवत रोज माझ्याच दारावरून जात होतं, तरी आला नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी शेड भरली. पुढं सोहोनी, पांढरा झब्बा घालून, डोळे अर्धे मिटून. मागं सगळी गल्ली. सगळ्यात मागच्या रांगेत माझ्या निरोपावरून आलेले मामा आणि त्यांच्या शेजारी आई, पदर घट्ट लपेटून. कामगारांनी माग सुरू केले, पट चालू झाला, आणि एवढी अवजड यंत्रं धावताना दिसत असूनही शेडमध्ये शांतता पसरली. सोहोनींनी मान डोलावली. मग आप्पा पुढं आले. त्यांनी मागावर हात ठेवला, लोकांकडं तोंड केलं आणि बोलायला लागले.

त्यांचे ओठ हलत होते. आवाज काही येत नव्हता.

मला वाटलं, घसा बसला. तेवढ्यात जुईनं माझा दंड धरला. "शलाका, यांनी तालीम कुठं केली?"

मी कपाळावर हात मारला. रोज तेच शब्द, त्याच सुरात, त्याच मागापाशी. पटानं आप्पांची माफी शब्दन् शब्द पाठ केली होती आणि आता तो ती पुसत होता.

पट बंद करावा तर माग गर्जायला लागणार आणि आप्पा त्यात बुडणार. माग बंद करावेत तर माझ्या प्रयोगाचा शेवट आत्ताच खर्ची पडणार. इकडं मागच्या रांगांमध्ये खसखस पिकायला लागली होती. गल्लीतली सगळी माणसं मागापाशी वाढलेली. ती आरामात ओठ वाचत होती. कळत नव्हतं ते एकट्या सोहोनींनाच. मीही वाचायला लागले.

"मंडळी, त्या दिशी मी चटणीबद्दल बोललो. मीठ जास्त असतंय, ते खोटं न्हाई. पण ते मी तुमच्यापुढं बोलायला नको होतं. चूक झाली. आणि त्याच्यापुढचं मी कवाच कुणाला सांगितलं न्हाई..."

इथं आप्पांच्या ध्यानात आलं की आपला आवाजच फुटत नाहीये. ते गडबडले. इकडंतिकडं बघितलं, तोंड मिटलं, आणि खाली मान घालून उभे राहिले. संपलं, असं मला वाटलं. आई आता उठून जाईल या भीतीनं मी मागच्या रांगेकडं बघितलं.

आणि छताखालून, कापडातून, आप्पांचा आवाज आला.

"...कुठं जेवायला गेलो तरी खिशात हिच्या चटणीची पुडी घेऊन जातो. कुणाला दिसू नये म्हणून ताटाच्या कडेखाली ठेवतो. दुसऱ्यांची चटणी मला अळणी लागतीया."

आप्पांनी दचकून वर बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. ते थांबले होते, पण पटाला ते कळलं नव्हतं. तो पाठ केलेलं पुढं म्हणतच होता, आणि पुसायला समोर काही नव्हतं म्हणून ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हितं थांबायचं," पट म्हणाला. "तिच्याकडं बघायचं."

आप्पांनी आज्ञाधारकपणे मागच्या रांगेकडं बघितलं.

"शलाकाची आई, घरात चव न्हाई. घरला चल." मग एक खोकला. "लई झालं का हे? राहू दे."

नंतर पट गप्प झाला. कुणीही हसलं नाही. कुंभोजकरांची सून डोळे पुसत होती. आई उभी राहिली. तिनं पदर सोडला, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून पालथा हात खाली दाबला, मग पाचही बोटं तोंडाशी नेली. माग बंद करा, जेवायला चला.

ही खूण आप्पांसाठी होती. पण आमच्या शेडमध्ये आईची ती खूण आली की हात आपोआप चालतात. एकाही कामगारानं माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्यांनी एकदम माग बंद केले.

धोटे जागच्या जागी थांबले, आणि शेड खडखडीनं भरून गेली. नसलेले माग वाजायला लागले. जन्मभर ज्या आवाजात आम्ही वाढलो, तो आवाज कापडातून, कुठलंही यंत्र न हलता, अंगावर येत होता. लोक थिजून ऐकत होते. रफिकभाईंनी डोळे मिटले होते. मग एकेका मागाभोवतीच्या पटाला चूक उमगत गेली, एकेक माग कमी होत गेला, आणि शेवटी खुर्च्यांची कुरकुर तेवढी उरली.

बाहेर सोहोनींनी माझे दोन्ही हात धरले. "तो मौनाचा भाग, मग वस्त्रातून आलेला आवाज, आणि मागून एका स्त्रीचा तो इशारा! किती तालमी केल्यात?"

"आप्पांनी फार केल्या," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

पुण्याचं आमंत्रण तिथंच मिळालं. तिथं आप्पा दर वेळी काहीतरी वेगळंच बोलणार आहेत, कारण पाठ केलं तर काय होतं ते आता त्यांना कळलंय. शेवट आईच्या हातानं होईल. तिला मी मानधन विचारलं तर म्हणाली, आधी मला एक बरी पैठणी घे. माझा निबंध मी मागं घेतलाय.

त्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो. आईनं चटणी वाढली. शेडमधले माग बंद होते, घर इतकं शांत की बसायच्या पाटाची कुरकुर ऐकू यावी. आप्पांनी घास घेतला, पाण्याचा तांब्या जवळ ओढला, आणि मान खाली घालून, आवाज अजिबात न करता, नुसते ओठ हलवले. आईनं ते वाचलं आणि ती खुदकन हसली.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली. "तू जेव. ते आमच्या दोघांतलं हाय."